सिस्टरबाईंची बंद पडणारी गाडी

वैनी, तुम्हाला शेतात दादाच्या शेजारी माती देऊन आम्ही लातूरच्या घरी परतलो, त्या दिवशी नळाला पाण्याची पाळी नव्हती. तुमच्या लेकीनं, सुधानं पिंपातलं पाणी तांब्यानं माझ्या पायावर घातलं आणि म्हणाली, "काका, आता बसा जरा." तेव्हापासून मी बसूनच आहे. माणसं येतात, तुमच्याबद्दल बोलतात, चहा घेतात, जातात. कुणी म्हणतं, सिस्टरबाईंनी आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची नाळ कापली. मी मान हलवतो. गेलेल्या माणसाबद्दल सगळे बारीक आवाजात बोलतात, आणि मला ते जमत नाही, कारण आपण दोघं उभ्या जन्मात तसं कधी बोललोच नाही. आपण वाद घालायचो.

सगळे वाद आता आठवत नाहीत. सुधाला बिलोलीला, मी मास्तर होतो तिथं, माझ्याकडे शिकायला ठेवायचं की नाही, यावरून झालेला आठवतो. तुम्ही गाव सोडून लातूरला यावं, यावरून तर किती वर्षं चालला. पण एक वाद राहिलाच. गाडी का बंद पडते इथून तो सुरू झाला होता. तुम्ही उठून गेलात आणि तो माझ्याजवळ तसाच पडून आहे.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ, गावचा डॉक्टर. एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेला. मागं ठेवलं काय, तर चार खाटांचा दवाखाना, जुनी पांढरी अँबॅसिडर आणि तुम्ही. तुम्ही नर्स. गोळ्या-इंजेक्शनांचा दवाखाना बंद झाला, पण बायका बाळंत व्हायच्या थांबल्या नाहीत, त्या येतच राहिल्या. ड्रायव्हर थोडे दिवस थांबला आणि हैदराबादेकडे निघून गेला. मी सुट्टीला आलो तेव्हा तुम्ही अंगणात गाडीकडे बघत उभ्या होतात. म्हणालात, "भाऊजी, मला चालवायला शिकवा."

मी स्वतः जेमतेम शिकलेलो. पण जागा चांगली होती. गावचं तळं त्या वर्षी तळापर्यंत आटलं होतं, आणि त्या कोरड्या, भेगाळलेल्या मातीवर तुम्ही गोल गोल गाडी फिरवलीत. पदर कमरेला खोचलेला, दात ओठावर. बायका बांधावर बसून बघायच्या. आपल्या लिंगायत वाण्याच्या घरातली सून मोटार चालवते म्हणून चार म्हाताऱ्या आईकडे येऊन बोलूनही गेल्या. तुम्ही मला म्हणालात, "पाणी असतं तर शिकले नसते बघा. जागाच न्हाई मग कुठं." हसला नाहीत. मलाही हसू आलं नाही.

तो दुष्काळ लोक आता विसरले. जिल्हा तेव्हा नवा-नवाच झाला होता. लोकांना वाटलं होतं, आता लातूर जवळ आलं, सगळं जवळ येईल. टँकर मात्र कुणाकडे मागायचा हेच कळत नव्हतं. जुन्या जिल्ह्यात विचारलं तर म्हणत, तुम्ही आता आमच्याकडं न्हाई. नव्यात विचारलं तर म्हणत, तुमचे कागद अजून तिकडून यायचेत. तेवढ्यात तुम्ही गाडीची मागची सीट काढून टाकलीत आणि दुधाचे कॅन ठेवून किल्लारीच्या बाजूच्या एका मळ्यातल्या बोअरचं पाणी आणायला लागलात. बाळंतिणीला आणि लेकराला आंघोळीला पाणी नाही म्हणणं तुम्हाला जमत नव्हतं. रस्ता फुफाट्याचा. गाडीवर, कॅनवर, तुमच्या पापण्यांवर सगळीकडे तीच पिवळट धूळ.

याच फेऱ्यांच्या काळात गाडी मध्येच बंद पडायला लागली. जवळच्या पाण्याच्या फेऱ्यांना अगदी गुणाची. लातूरला जायचं म्हटलं, आणि तेही रोज नाही, कधीतरी, की रस्त्यात मान टाकायची. थोडा वेळ उन्हात उभी राहिली की आपोआप सुरू. लातुरात गंजगोलाईच्या अलीकडे मौलाभाईचं गॅरेज होतं. त्यांनी प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला, कॉइल नवी घातली. ते स्वतः बसून औशापर्यंत नेऊन आणायचे. गाडी एकदाही अडली नाही. शेवटी हात पुसत म्हणाले, "बाई, माझ्यासमोर बंदच पडंना. चांगल्या गाडीला मी काय दुरुस्त करू सांगा."

तुम्ही तिला पेशंटसारखं घेतलंत. मला समोर बसवून विचारायला लागलात. किती चालल्यावर पडते? चढाला का सपाटीला? ऊन चढल्यावर का सकाळीपण? टाकी भरलेली असते का तळाला? आणि बंद पडताना कशी पडते, गुदमरत गुदमरत का एकदम? इथंच आपलं फाटलं. मी म्हणालो, गुदमरून. आधी धक्के देते, जोर जातो, मग थांबते. म्हणजे पेट्रोल पोचत नाही. तुम्ही म्हणालात, एकदम. दिवा विझल्यासारखी. म्हणजे करंट तुटतो.

"तुम्ही नीट ऐकत न्हाई, भाऊजी. शाळेत पोरांचं तरी ऐकता का?"

"वैनी, मी भौतिक शिकवतो."

"मग पोरांना शिकवा. गाडी मी चालवायलेय."

त्या सुट्टीत आपण रोज हे बोलत होतो. आई वैतागून आत निघून जायची. मी मागची एक फेरी सांगायचो, तुम्ही त्याच्या आधीची सांगायचात. दोघांनाही वाटायचं, समोरच्याचं लक्ष नाही. गाडीला दोन दुखणी असतील, हे तुमच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

आणि मग महानंदाचा दिवस आला. ती माळावरच्या वस्तीतली, पहिलटकरीण, फार तर वीस वर्षांची असेल. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. तिच्या सासूनं आणि दिरानं तिला बैलगाडीतून आणलं तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. तुम्ही आत गेलात, तपासलंत आणि बाहेर येऊन हात धुताना मला हळूच म्हणालात, "मूल आडवं हाय. इथं व्हायचं न्हाई. लातूर." रस्त्यात घोटाळा नको म्हणून टाकी काठोकाठ भरून ठेवलेली होती. ती काळजी तुम्ही नेहमीच घ्यायचात. मागची सीट पुन्हा बसवली, तिच्यावर गोधडी टाकली. सासूच्या मांडीवर डोकं ठेवून महानंदा आडवी झाली. मी पुढं तुमच्या शेजारी.

लामजन्याच्या चौकातून औशाच्या रस्त्याला लागलो आणि थोडं पुढं गेल्यावर गाडीनं धक्के द्यायला सुरुवात केली. मी तुमच्याकडे बघितलं नाही. तुम्ही पाय दाबत होतात, गाडी गुदमरत होती, आणि बाभळीजवळ ती थांबली. तुम्ही सेल्फ मारला, पुन्हा मारला. मागून महानंदाचं कण्हणं. तुम्ही चटकन उतरून मागं गेलात, ती ऐकायची नळी तिच्या पोटाला लावलीत आणि वाकून बराच वेळ कान लावून राहिलात. मी काय करावं म्हणून टाकीत पेट्रोल आहे का बघायला झाकण फिरवलं. आता भरलेली टाकी बघण्यात काय अर्थ होता, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. झाकण सैल झालं आणि आत हवा शिरल्याचा लांब, सुस्कारल्यासारखा आवाज आला.

तुम्ही मान वर केलीत. "कसला आवाज?"

"टाकीनं हवा ओढली."

मी झाकण उलटं करून बघितलं. हवेसाठी त्याला बारीक भोक असतं. ते धूळ आणि तेलाच्या चिखलानं लिंपल्यासारखं बंद झालं होतं. पेट्रोल खाली जाणार, वर हवा यायला वाट नाही, मग पंपानं ओढायचं तरी काय. तेवढ्यात सगळं लक्षात आलं. मौलाभाई दरवेळी सगळ्यात आधी काय करायचे, तर झाकण काढून पेट्रोल आहे का बघायचे. बघितलं की दुखणं बरं. म्हणून त्यांच्यासमोर गाडी कधी पडली नाही.

तुम्ही ऐकून घेतलंत. पिशवीतला गॉज काढून टाकीच्या तोंडावर बांधलात, झाकण माझ्या हातात दिलंत आणि सेल्फ मारलात. गाडी सुरू झाली. मला तेव्हा, अशा वेळीसुद्धा, बरं वाटलं. पेट्रोलच होतं ना, असं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

औसा मागं पडलं. गाडी नीट चालली होती, जोर होता, आवाज स्वच्छ होता. आणि त्या स्वच्छ आवाजातच ती बंद पडली. धक्का नाही, गुदमरणं नाही. दिवा विझावा तशी.

तुम्ही म्हणालात, "ऐकलं का आता?"

एवढंच. मग तुम्ही बॉनेट उघडलंत. ऊन इतकं होतं की पत्र्याला हात लावता येत नव्हता, पदर धरून लावलात. कॉइलपासून निघून डिस्ट्रिब्यूटरला येणारी एक बारीक वायर असते, तिला तुम्ही बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत चाचपत गेलात, नाडी शोधतात तसं. टोकाजवळ ती मऊ लागली. वरचं कव्हर साबूत, आतली तार तुटलेली. हादऱ्यानं कधी चिकटायची, कधी सुटायची. तुम्ही पिशवीतल्या ब्लेडनं कव्हर सोललंत, तारा पिळून नटाखाली घेतल्यात, मी पान्यानं नट आवळला, वरून तुम्ही चिकटपट्टी गुंडाळलीत. तुमची बोटं एकदाही चुकली नाहीत. माझा पाना दोनदा नटावरून निसटला. महानंदाची सासू उतरून रस्त्याच्या कडेला बसली होती आणि महादेवाचं नाव घेत होती. महानंदा मात्र एका शब्दानं बोलली नाही. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती.

लातूरला मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला लगेच आत घेतलं. तुम्हालाही आत जाऊ दिलं, कारण तिथल्या सिस्टर तुम्हाला ओळखत होत्या. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. दिवस कलायला लागल्यावर तुम्ही बाहेर आलात आणि तुमच्या चालण्यावरूनच मला कळलं. महानंदा वाचली. मूल गेलेलं निघालं. मुलगा होता.

डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की मूल बऱ्याच वेळापूर्वी गेलेलं असावं, तुम्ही निघायच्याही आधी. ते तुम्हीच मला सांगितलंत. आणि मग म्हणालात, "खोटं हाय ते. लामजन्याला ठोके होते. मी ऐकले."

इथून पुढं आपण गाडीवर भांडलो नाही. आपण त्या ठोक्यांवर भांडलो. मी म्हणायचो, वैनी, रस्त्यावर, वाऱ्यात, घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच नाडीचे ठोके ऐकू येतात. तुम्ही म्हणायचात, मी कधी घाबरले होते? मी म्हणायचो, थांबलो तो वेळ काही फार नव्हता. तुम्ही म्हणायचात, लेकरासाठी होता. भरलेल्या टाकीत वर हवा थोडीच असते, म्हणून भोक बुजलं की पेट्रोल लवकर अडतं, हे मी तुम्हाला एकदा समजावून सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे काळजी घेतली म्हणून बंद पडली." त्यानंतर ते मी कुणालाच, वर्गातसुद्धा, समजावून सांगितलं नाही.

मला वाटलं होतं, तुम्ही गाडी विकाल. तुम्ही विकली नाहीत. झाकणाचं भोक रोज टाचणीनं साफ करायचात, ती वायर मौलाभाईकडून बदलून घेतलीत, आणि त्यानंतर गाडी तशी पुन्हा कधी बंद पडली नाही. कुणालाही याचा आनंद झाला असता. तुम्ही टाचणी अंबाड्यात खोचत म्हणायचात, "एवढं सोपं होतं, भाऊजी."

किती बायांना तुम्ही त्या गाडीतून नेलंत. भूकंपाच्या पहाटे दवाखाना बसला, गाडी बाहेर लिंबाखाली होती म्हणून राहिली, आणि अंगावरची माती न झटकता तुम्ही तीच सुरू केलीत. मी बिलोलीहून कसाबसा पोचलो तेव्हा तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेल्या होतात. उठवलं तर पाणी मागितलंत, प्यायलात आणि पुन्हा निघालात. महानंदाला पुढं दोन मुली झाल्या. दोन्ही वेळेला दिवस भरायच्या आधीच तुम्ही तिला स्वतः लातूरला नेऊन ठेवलंत. तिच्याशी सगळं बोलायचात. त्या दिवसाबद्दल ती बोलायची नाही आणि तुम्हीही नाही.

गेल्या महिन्यात तुम्हाला दवाखान्यात भेटायला आलो, तेव्हा सुधा औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही डोळे मिटून होतात. मला वाटलं झोपल्यात. तुम्ही तशाच म्हणालात, "लामजन्याला ठोके होते, भाऊजी."

मी दमलो होतो, वैनी. लातूरला आता माझ्या वयाच्या माणसाला रिक्षातून उतरून जिना चढून वर यायचं म्हणजे दमच लागतो. मी म्हणालो, "नव्हते. डॉक्टर म्हणाले ना. माझं माना आता एकदाचं."

तुम्ही डोळे उघडलेत. रागावला नाहीत. म्हणालात, "तुमचं मानलं तर मला झोप लागंल, ठाऊक हाय मला. पण मग त्या लेकराचं कुणाकडंच काही राहत न्हाई. आलं बी न्हाई, गेलं बी न्हाई, असं होतं. कुणीतरी म्हणावं लागतं की माझ्या हातून गेलं."

तेवढ्यात सुधा आली, गोळ्यांचं बोलणं निघालं. पुढच्या वेळी सांगू, असं मनात म्हणून मी जिना उतरलो. काय सांगणार होतो ते मला आजही नीट माहीत नाही. कदाचित एवढंच, की त्या उन्हात वायर पिळताना तुमची बोटं मी बघितली होती, आणि तशी बोटं पुन्हा कुणाची बघितली नाहीत.

काल तुमच्या नावानं जंगमांना आणि गावाला जेवायला घातलं. गावाकडची बरीच माणसं आली. पंगत उठल्यावर एक पिकल्या केसांची बाई माझ्याजवळ येऊन खाली बसली. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "मी महानंदा. माळावरची." ती हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. मग काय झालं कोण जाणे, मी तिला विचारलं. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं, तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही आणि मी ठोक्यांवर वाद घालत राहिलो आणि जिच्या पोटात ते होते किंवा नव्हते, तिला कुणी विचारलंच नाही.

मी म्हणालो, "महानंदा, त्या दिवशी गाडीत मूल हलत होतं का गं?"

ती म्हणाली, "न्हाई ओ. पहाटंच थांबलं होतं ते. बैलगाडीत बसायच्या आधीच मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. आवाज साधाच होता तिचा. "बाईंना सांगितलं असतं तर बाई मनातून खचल्या असत्या. मग गाडी कोण चालवलं असतं? मला जगायचं होतं की ओ." मग म्हणाली, "मागनं सांगावं वाटायचं. पण बाई मला बघितलं की लई माया करायच्या. ती तुटंल असं वाटायचं."

मी तिला पाणी दिलं. तिच्या मुली फाटकाशी तिची वाट बघत होत्या, ती त्यांच्याबरोबर गेली.

रात्रीपासून मी हे मनात घोळवतोय. तिचं खरं असेल. किंवा तुमच्या माघारी तिनं तुमच्यासाठी म्हणून बोललेलं असेल. पहिल्या वेळच्या पोरीला काय कळतं, असंही कुणी म्हणेल, आणि तुम्ही असता तर तुम्हीच पहिल्यांदा म्हणाला असता. मान हलवून म्हणाला असता की भाऊजी, हलणं वेगळं आणि ठोके वेगळे. मग मी काहीतरी बोललो असतो, तुम्ही ते खोडून काढलं असतं, सुधानं वैतागून टीव्हीचा आवाज वाढवला असता.

सगळे म्हणतात, काका, थोडं पडा. पडतो. पण एवढं तुम्हाला सांगायचं होतं. महानंदाचं धरलं तर मी बरोबर ठरतो, वैनी. तुम्ही समोर नसताना बरोबर ठरून मी काय करू?